नेमकं काय शोधायचंय?

एमआरआय केला की सगळं कळतं, असा एक ठाम समज आहे. रुग्णांचा, त्यांच्या नातेवाइकांचा आणि खरं सांगायचं तर त्यांना आमच्याकडे पाठवणाऱ्या काही डॉक्टरांचाही. मी रेडिओलॉजिस्ट आहे. अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर बसून लोकांच्या शरीरांची आतली चित्रं वाचायची आणि काय दिसलं ते लिहून द्यायचं, हे माझं काम. या कामात जसजशी मुरत गेले तसतशी 'सगळं कळतं' या वाक्याची मला धास्तीच वाटू लागली. यंत्रांना नावं ठेवण्याचा हेतू नाही, ती अचाट आहेत. पण एकच चित्र एका माणसाच्या बाबतीत आजार असतं आणि दुसऱ्याच्या बाबतीत नुसती वयाची खूण. कोणतं काय, हे ठरवणारी माहिती बरेचदा चित्रात नसतेच. ती चित्र कशासाठी काढलं यात असते.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी वुर्झबर्गमध्ये विल्हेल्म रोंटगेन यांना क्ष-किरण सापडले. त्याच वर्षअखेरीस त्यांनी पत्नीच्या हाताची जी प्रतिमा घेतली ती जगभर गाजली. बारीक हाडं आणि बोटातली ठसठशीत अंगठी. शरीर पारदर्शक झालं असं लोकांना तेव्हा वाटलं, अजूनही वाटतं. प्रत्यक्षात ती सावली होती आणि आजचा एक्स-रेही सावलीच आहे. भिंतीवर बोटांच्या सावलीचं हरीण करताना कोणतं बोट पुढे नि कोणतं मागे हे सावलीवरून सांगता येत नाही. छातीच्या एक्स-रेतही बरगड्या, हृदय, मोठ्या रक्तवाहिन्या, श्वासपटलाचा घुमट हे सगळं असंच एकावर एक पडलेलं असतं, आणि हृदयामागे एखादी गाठ निवांत दडून बसू शकते. म्हणून तर हाडांचे एक्स-रे किमान दोन दिशांनी काढतात. समोरून अखंड दिसणारं हाड बाजूने पाहिलं की मोडलेलं निघतं.

शिवाय पांढऱ्या रंगाचा घोळ आहेच. फुप्फुसात हवा असते म्हणून ते एक्स-रेवर काळं दिसतं. हवेची जागा दुसऱ्या कशाने घेतली की तिथे पांढरं दिसू लागतं. ते दुसरं काही म्हणजे न्यूमोनियाचा पू असेल, हृदय थकल्यामुळे साचलेलं पाणी असेल, रक्त असेल, क्वचित कर्करोगाच्या पेशीही असतील. किरणांच्या लेखी हे सगळं जवळपास सारखंच. हवा गेली एवढं फिल्म सांगते. तिथे काय आलं ते ताप, धाप, खोकला किती दिवसांचा, थुंकीचा रंग, रक्ताच्या तपासण्या यांवरून ठरतं. नवखी असताना मला वाटायचं, अनुभवाने पांढऱ्यातले हे प्रकार नुसते बघून ओळखता येऊ लागतील. थोडेफार येतातही. हृदयामुळे साचलेलं पाणी साधारणपणे दोन्ही बाजूंना असतं, हृदय मोठं दिसतं, वगैरे. मात्र त्या 'साधारणपणे'वर किती भार टाकायचा ते दर वेळी नव्याने ठरवावं लागतं.

सीटी स्कॅन आला आणि सावल्यांचा गुंता सुटला. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातल्या ॲटकिन्सन मोर्ली रुग्णालयात गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे काप घेतले गेले. आता एकावर एक काही नाही, प्रत्येक ठिपक्याला, तिथे क्ष-किरण किती अडले याचा, स्वतःचा आकडा. पाण्याला शून्य, हवेला उणे १०००, कठीण हाडाला १००० किंवा त्याहूनही वर. म्हणजे दोन हजारांहून अधिक छटा. माणसाच्या डोळ्याला त्या वेगवेगळ्या दिसणं शक्यच नाही, म्हणून आम्ही 'विंडो' लावतो, म्हणजे आकड्यांचा एक पट्टा निवडून तेवढाच काळ्या-पांढऱ्यात पसरवतो. पोटासाठी लावलेल्या विंडोत फुप्फुस नुसतं काळंकुट्ट दिसतं, त्यातली बारीक गाठ दिसणारच नाही. फुप्फुसाच्या विंडोत यकृत नुसता पांढरट गोळा. हाडाची बारीक चीर पाहायची तर तिसरी विंडो. माहिती तीच, तोच काप, आणि तरीही मी कुठली विंडो उघडते यावर मला काय दिसणार हे ठरतं. कुठली उघडायची हे मी कशावरून ठरवते? फॉर्मवर काय लिहिलंय त्यावरून. फॉर्मकडे पुढे येते.

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर तासाभरात काढलेला डोक्याचा सीटी बरेचदा नॉर्मल असतो. रक्तपुरवठा तुटलेल्या भागात पहिल्या काही तासांत जो फरक पडतो तो या आकड्यांच्या, म्हणजे हाउन्सफील्डच्या, मोजपट्टीवर मोजक्याच अंकांचा असतो. अरुंद विंडो लावून, डावं-उजवं ताडून पाहिलं तर कधी तो जाणवतो, कधी नाही. बाहेर थांबलेला मुलगा विचारतो, "मॅडम, सीटी नॉर्मल आहे म्हणताय, मग बाबांचा हात का उचलत नाही?" प्रश्न अगदी बरोबर आहे. तो सीटी पक्षाघात आहे की नाही हे पाहायला काढलेलाच नव्हता, ते समोर दिसतच होतं. मेंदूत रक्तस्राव झालाय का, एवढंच विचारायचं होतं, कारण रक्तस्राव असेल तर गुठळी विरघळवणारं औषध देता येत नाही. त्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं आणि ते मोलाचं होतं. त्याच मेंदूचा डिफ्यूजन एमआरआय, म्हणजे पेशींभोवतीच्या पाण्याची हालचाल टिपणारा एमआरआय, केला असता तर तोच भाग लख्ख उजळलेला दिसला असता. नॉर्मल म्हणजे 'या यंत्रावर, या घटकेला, या प्रश्नापुरतं काही नाही'. इतकं सगळं रिपोर्टात लिहीत बसलं तर कुणी वाचणार नाही, म्हणून आम्ही एक शब्द लिहितो आणि पुढचा गोंधळ ओढवून घेतो.

मनगटात अंगठ्याच्या बाजूला स्कॅफॉइड नावाचं एक लहान हाड आहे. पडताना हात टेकला की ते मोडतं आणि पहिल्या दिवशीच्या एक्स-रेत पुष्कळदा काहीच दिसत नाही. दहा-चौदा दिवसांनी मोडलेल्या कडांजवळचं हाड थोडं विरळ झालं की मगच रेघ उघडी पडते. मधल्या काळात हात तसाच वापरला तर हाड न जुळण्याची भीती, कारण त्याचा रक्तपुरवठा तोकडा आहे. एक तुकडा चक्क मरूही शकतो. म्हणून जाणता अस्थितज्ज्ञ अंगठ्याच्या मुळाशी बोट दाबून पाहतो, रुग्ण कळवळला की माझा नॉर्मल रिपोर्ट बाजूला ठेवतो आणि मनगट बांधून टाकतो. मला यात कधी अपमान वाटला नाही. त्याचं बोट माझ्या फिल्मच्या पुढे असतं, दोन आठवड्यांनी.

तर फॉर्म. तपासणीला पाठवताना डॉक्टर कारण लिहितात, ती चिठ्ठी. तिच्यावर कधी 'पोटात दुखते' असतं, कधी नुसतं 'दुखणे', आणि कधी 'काही आहे का पाहावे' असा सर्वसमावेशक हुकूम. दुसऱ्या टोकाला अशी चिठ्ठी असते: 'कालपासून उजव्या बाजूला खाली दुखतं, आधी बेंबीजवळ दुखत होतं, बारीक ताप, उलटी, ॲपेंडिक्स लहानपणीच काढलंय.' ही शेवटची तीन पदं वाचल्यावर माझी नजर आतड्याच्या वेगळ्या वळणांवर, मूत्रवाहिनीवर, अंडाशयावर जाते. ती नसती तर नसलेलं ॲपेंडिक्स शोधण्यात माझा वेळ गेला असता आणि 'ॲपेंडिक्स स्पष्ट दिसत नाही' असं वाक्य रिपोर्टात पडलं असतं, ज्याने पुढच्या डॉक्टरच्या डोक्याला नसता ताप. घाईत लिहिलेल्या चिठ्ठीची मला चीड येते हे लपवत नाही. निम्मं निदान तिथेच सांडतं.

पण चिठ्ठी भरपूर लिहिलेली असली म्हणजे सुटलो, असंही नाही. हार्वर्डशी संलग्न संशोधकांनी केलेला एक प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. २४ रेडिओलॉजिस्टना छातीच्या सीटीत नोड्यूल, म्हणजे फुप्फुसातल्या बारीक गाठी, शोधायला सांगितलं. शेवटच्या स्कॅनच्या कापांत एका गोरिलाचं चित्र घुसवलेलं होतं, नेहमीच्या नोड्यूलच्या ४८ पट मोठं. २० जणांना ते दिसलं नाही. डोळ्यांच्या हालचाली टिपणारं यंत्र लावलेलं होतं, आणि न दिसलेल्यांपैकी बऱ्याच जणांची नजर थेट गोरिलावरून फिरून गेली होती. हा प्रयोग मित्रमंडळींत सांगितला की हशा पिकतो आणि मग माझ्याकडे जरा संशयाने पाहिलं जातं. पण हे तज्ज्ञ निष्काळजी नव्हते. त्यांना नोड्यूल शोधायला सांगितलं होतं आणि ते नोड्यूल शोधत होते. ज्या प्रश्नाने चांगली चिठ्ठी माझे डोळे उघडते, तोच प्रश्न बाकीच्या चित्रावर पडदाही टाकतो.

यावर माझा एक रिवाज आहे. चिठ्ठी न वाचता एकदा सगळी चित्रं पाहायची, मग चिठ्ठी वाचायची, मग पुन्हा पाहायची. काही सहकारी याला वेळेचा अपव्यय म्हणतात. असेलही. पण चिठ्ठीवर 'न्यूमोनिया?' लिहिलेलं आधी वाचलं तर साध्या रक्तवाहिन्यांच्या गर्दीतही न्यूमोनिया दिसू लागतो, हा अनुभव आमच्यातला कुणीही प्रामाणिक माणूस नाकारणार नाही.

डोळ्यांच्या या मर्यादांची मोजदाद फार जुनी आहे. १९४०च्या दशकाच्या अखेरीस क्षयाच्या पाहणीतल्या छातीच्या फिल्म वाचणाऱ्या अनुभवी लोकांवर रेडिओलॉजिस्ट हेन्री गारलँड आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केले. दोष असलेल्या फिल्मपैकी सुमारे ३० टक्के वाचणाऱ्यांच्या हातून सुटत होत्या. दोघांना तीच फिल्म दिली तर मतं सुमारे एक-तृतीयांश वेळा जुळत नव्हती. आणि तोच माणूस तीच फिल्म काही काळाने पुन्हा पाहताना सुमारे एक-पंचमांश वेळा स्वतःशीच असहमत होत होता! हे वाचून तेव्हाचे लोक चिडले असतील. मला मात्र शिकत असताना या आकड्यांनी धीर दिला. अडचण माझ्या एकटीची नव्हती.

पुढे रेडिओलॉजिस्ट हॅरॉल्ड कुंडेल यांनी १९७०च्या दशकात नजरेचा माग काढून या सुटण्याचे तीन प्रकार केले. एकात नजर त्या जागी जातच नाही. दुसऱ्यात जाते, पण टिकत नाही, ओळख पटण्याआधीच पुढे सरकते. तिसऱ्यात ती तिथे चांगली रेंगाळते, म्हणजे मेंदूने काहीतरी वेगळं आहे हे हेरलेलं असतं, आणि तरीही माणूस ठरवतो की हे काही नाही. सर्वांत मोठा वाटा या तिसऱ्या प्रकाराचा निघाला. मला हे पटतं. 'अहो, एवढी मोठी गाठ दिसली कशी नाही?' असं लोक विचारतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर पहिला प्रकार असतो. प्रत्यक्षात ती बहुधा दिसलेली असते. तिला बरगडीचा सांधा समजून, रक्तवाहिनीचं टोक समजून, जुना व्रण समजून सोडून दिलेलं असतं. आणि रोज अशा शेकडो बरगड्यांच्या सांध्यांना तसंच सोडावं लागतं, नाहीतर प्रत्येक माणसाला पुढच्या तपासणीला पाठवावं लागेल.

आमचे सर म्हणायचे, "एक सापडलं की मोजायला लाग, थांबू नकोस." पहिलं फ्रॅक्चर सापडलं की मन समाधान पावतं आणि नजर सैल होते. दुसरं फ्रॅक्चर, विशेषतः फिल्मच्या कडेला असलेलं, तिथेच राहतं. एका सापडण्याने शोध संपण्याची ही खोड इतकी पक्की आहे की तिच्यावर स्वतंत्र संशोधन झालंय. फुप्फुसांची टोकं, हृदयामागची जागा, श्वासपटलाखालचा भाग, खांद्याची हाडं, फिल्मच्या चारी कडा. ही यादी मी अजूनही मनातल्या मनात म्हणते, कुणी शेजारी नसलं तर मोठ्यानेही.

आतापर्यंत न दिसण्याबद्दल बोलले. मला जास्त छळतं ते दिसण्याचं प्रकरण.

कंबरदुखीचा एमआरआय घ्या. 'मणक्यात गॅप आलाय', 'गादी सरकलीये', 'नस दबलीये' ही वाक्यं घेऊन माणसं वर्षानुवर्षं जगतात, वाकायची थांबतात, मुलांना उचलायची थांबतात. २०१५ साली ३३ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात ३,११० माणसं होती आणि त्यांच्यातल्या कुणालाही पाठदुखी नव्हती. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्या, म्हणजे त्याच 'गाद्या', झिजलेल्या आढळल्या आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या. चकती बाहेर फुगलेली असण्याचं प्रमाण विशीतच ३० टक्के होतं. म्हणजे कंबर दुखणाऱ्या पन्नाशीच्या माणसाच्या एमआरआयमध्ये फुगलेली चकती दिसली तर ती दुखण्याचं कारण आहे हे चित्रावरून सिद्ध होत नाही. पायात कळ कुठून कुठे जाते, अंगठा वर उचलताना जोर कमी पडतो का, या गोष्टी त्या चकतीच्या पातळीशी जुळल्या तरच तिला दोष द्यायचा. रिपोर्टच्या तळाशी अशी टक्केवारी छापावी म्हणजे लोक घाबरणार नाहीत, असं मला फार वाटायचं. अमेरिकेत हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झालाही. पुढच्या तपासण्या आणि उपचार यांत एकूण फारसा फरक पडला नाही. ओपिऑइड, म्हणजे अफूच्या वर्गातली, वेदनाशामकं तेवढी किंचित कमी लिहिली गेली. छापील आकड्यांपेक्षा 'गादी सरकलीये' हे तोंडी वाक्य बलवान ठरतं, असं माझं मत आहे.

काहीच त्रास नसलेल्यांच्या तपासणीत तर हा पेच थेट गणितातच दिसतो. समजा १,००० स्त्रियांची मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, केली आणि त्यांतल्या १० जणींना खरोखर कर्करोग आहे. तपासणी चांगली आहे, १० पैकी ९ जणींना पकडते. उरलेल्या ९९० निरोगी स्त्रियांपैकी समजा ९ टक्क्यांना ती विनाकारण संशयित ठरवते, म्हणजे ८९ जणींना. एकूण ९८ जणींना पुन्हा बोलावणं जातं आणि त्यांतल्या फक्त ९ जणींना आजार असतो. पण जिला स्तनात स्वतःच्या हाताला गाठ लागली म्हणून ती आली आहे, तिच्या मॅमोग्राफीत नेमकी तशीच सावली दिसली, तर त्या सावलीचं वजन कितीतरी पटींनी वाढतं. सावलीत काहीच बदललेलं नाही.

दक्षिण कोरियात १९९९पासून कर्करोगाच्या राष्ट्रीय तपासणी मोहिमेबरोबर अनेक जण थोडे पैसे भरून गळ्याची सोनोग्राफीही करून घेऊ लागले. २०११पर्यंत थायरॉइड कर्करोगाच्या निदानाचं प्रमाण १९९३च्या १५ पट झालं. थायरॉइड कर्करोगाने मरणाऱ्यांचं प्रमाण होतं तिथेच राहिलं. सापडलेले बारीक कर्करोग सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोगच होते, कुणी खोटं बोललं नव्हतं. पण त्यांतल्या बहुतेकांनी त्या माणसांना आयुष्यभर काही केलं नसतं. ग्रंथी काढलेल्या माणसाला मात्र रोजची गोळी लागली, कुणाचा आवाज बसला, कुणाचं कॅल्शियम ढासळलं. तिथल्याच काही डॉक्टरांनी जाहीरपणे हे थांबवा म्हटल्यावर तपासण्या आणि शस्त्रक्रिया झपाट्याने कमी झाल्या.

मग आम्ही रिपोर्टात लिहायचं काय? 'नाकारता येत नाही', 'असू शकते', 'क्लिनिकल कोरिलेशन आवश्यक', म्हणजे रुग्णाच्या लक्षणांशी ताडून पाहा. या शब्दांची इतर डॉक्टर टिंगल करतात आणि ती काही अंशी योग्यच आहे. अर्धी वेळ ती प्रामाणिक अनिश्चितता असते, अर्धी वेळ नुसती ढाल. स्तनाच्या तपासणीत यावर चांगला तोडगा निघालाय. बाय-रॅड्स नावाच्या पद्धतीत शून्य ते सहा असे गट आहेत आणि गटाला अर्थ जोडलेला आहे. गट ३ म्हणजे कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांपेक्षा जास्त नाही, सहा महिन्यांनी पुन्हा पाहा. शंका आहेच, पण ती किती आणि पुढे काय करायचं हे वाचणाऱ्याला कळतं. बाकी शरीराच्या बाबतीत आम्ही अजून मोठ्या प्रमाणात विशेषणांवर जगतो. जिथे शब्द पुरत नाहीत तिथे मी फोन उचलते. पाठवणाऱ्या डॉक्टरला विचारते, "नेमकं काय शोधायचंय?" बरेचदा एका मिनिटात उत्तर मिळतं आणि रिपोर्टातलं एक 'असू शकते' गळून पडतं.

संगणकाबद्दल विचारलं जातंच. कृत्रिम बुद्धिमत्तेचे नामवंत संशोधक जेफ्री हिंटन २०१६ मध्ये म्हणाले होते की नवे रेडिओलॉजिस्ट घडवणं आता थांबवायला हवं. मी अजून कामावर आहे. स्वीडनमध्ये ८०,०००हून अधिक स्त्रियांच्या मॅमोग्राफीवर झालेल्या चाचणीत संगणकाच्या मदतीने वाचणाऱ्यांचं काम ४४ टक्क्यांनी घटलं आणि सापडलेले कर्करोग कमी झाले नाहीत, हे २०२३ साली प्रसिद्ध झालं. ही मदत मला हवी आहे. संगणक दुपारी पेंगत नाही. पण न्यूमोनिया ओळखायला शिकवलेली एक प्रणाली दुसऱ्या रुग्णालयाच्या फिल्मवर ढेपाळली, तेव्हा लक्षात आलं की फिल्म कुठल्या रुग्णालयातली आहे हेच ती आधी ओळखत होती. फुप्फुसाबाहेर हवा साचल्याचं ओळखणारी दुसरी एक प्रणाली नळी घातलेल्या रुग्णांत फारच हुशार निघाली. नळी म्हणजे त्याच हवेवरचा उपचार, आधीच झालेला. नळी नसलेल्या रुग्णांत, म्हणजे जिथे सांगणारं कुणीतरी हवं होतं तिथे, ती कमी पडत होती. तिला आजार कुठे आहे असं विचारलं होतं. तिने नळी कुठे आहे याचं उत्तर पाठ केलं.

या सगळ्यात माझा सर्वांत भरवशाचा मदतनीस म्हणजे जुनी फिल्म. फुप्फुसात ८ मिलिमीटरची घट्ट गाठ आज पहिल्यांदा दिसली तर पुढे तपासण्यांची रांग लागते. तीच गाठ दोन वर्षांपूर्वीच्या सीटीत त्याच जागी तेवढीच असेल तर बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो. आणि ती तेव्हा ५ मिलिमीटर असेल, तर मी लगेच फोन लावते. इतकं असूनही लोक जुनी चित्रं टाकून देतात, सीडी हरवतात, किंवा बायोप्सीची तारीख ठरल्यावर अचानक, "मॅडम, मागे एक केला होता, त्याचा उपयोग आहे का?" असं दारातून विचारतात. आहे. नुसत्या रिपोर्टच्या कागदाने भागत नाही, त्यावर 'लहान नोड्यूल' एवढंच लिहिलेलं असतं. मला ती चित्रं लागतात, आजच्या चित्रांशेजारी त्याच विंडोत उघडून, दोन्हीकडे तोच काप गाठून, मिलिमीटरमध्ये मोजायला.